सगळ्यांना गाता यावं म्हणून

आजचा शास्त्रभाग : स्तोत्रसंहिता ९८



आज स्तोत्र ९८ वाचताना मी पहिल्याच वचनावर अडकले. तिथे परमेश्वरासाठी नवं गीत गायला सांगितलंय. पुढे तर सगळ्या पृथ्वीला, समुद्राला, नद्यांना, डोंगरांनासुद्धा त्या गाण्यात सामील करून घेतलंय. म्हणजे गीत नवं हवं, आणि ते सगळ्यांनी गायचंय. या दोन गोष्टी एकत्र जमवणं किती कठीण आहे, ते मला मागच्या रविवारी कळलं.

झालं असं, की आमच्या तरुण संघाच्या उपासनेसाठी मी एक गीत लिहिलं होतं. तीन आठवडे त्यावर बसले होते. एकेक प्रतिमा निवडून आणलेली, चालही एकदम वेगळी, मध्येच वर चढणारी. प्रॅक्टिसला सगळे खूश. रविवारी मात्र पहिलं कडवं संपता संपता लक्षात आलं, की गाणारे फक्त पुढे उभे असलेले आम्ही सहा जण आहोत. बाकीची मंडळी स्क्रीनकडे बघत गप्प उभी. दुसऱ्या रांगेत माझी आजी. एरवी चष्मा नसला तरी तिला सगळी गीतं तोंडपाठ असतात, पण त्या दिवशी ती ओठ मिटून उभी होती. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, की शब्द छान होते, पण तिला त्यांत शिरायला जागाच सापडली नाही. मला राग आला. आणि खरं सांगायचं तर आजीचाच आला.

त्या रात्री मी आयझॅक वॉट्स यांचं चरित्र पुन्हा उघडलं. नाव कदाचित ओळखीचं वाटणार नाही, पण नाताळात मॉलमध्येसुद्धा वाजणारं ‘जॉय टू द वर्ल्ड’ तुम्ही ऐकलंय ना? ते त्यांचंच. गंमत म्हणजे वॉट्स यांनी ते नाताळसाठी लिहिलंच नव्हतं. आजचं हे स्तोत्र ९८ समोर ठेवून, त्यात ख्रिस्ताचं राज्य पाहून, १७१९ साली त्यांनी ते छापलं. आज आपण ते ज्या चालीवर गातो ती तर त्यांनी कधी ऐकलीही नाही. अमेरिकेत लोवेल मेसन यांनी ती १८३०च्या दशकात जुळवली, वॉट्स जाऊन तोवर ऐंशीहून जास्त वर्षं झाली होती.

आता मुळापासून सांगते. वॉट्स यांचा जन्म १७ जुलै १६७४चा, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचा. वडिलांचंही नाव आयझॅकच. ते राष्ट्रीय चर्चच्या बाहेरच्या, स्वतंत्र मंडळीतले. त्या काळी हा गुन्हा होता आणि त्यासाठी ते तुरुंगातही गेले. तान्ह्या आयझॅकला घेऊन आई तुरुंगाच्या दाराबाहेरच्या दगडावर बसायची, असं सांगतात. मुलगा फार हुशार निघाला. चौथ्या वर्षी लॅटिन सुरू, मग ग्रीक, फ्रेंच आणि तेराव्या वर्षी हिब्रू. गावातल्या एका डॉक्टरांनी त्याच्या विद्यापीठाचा खर्च उचलायची तयारी दाखवली. पण ऑक्सफर्ड, केंब्रिजला शिकायचं तर आधी राष्ट्रीय चर्चमध्ये जावं लागणार होतं. त्याने ती ऑफर नाकारली आणि १६९० साली लंडनजवळच्या स्टोक न्यूइंग्टन इथे, स्वतंत्र मंडळ्यांसाठी चालणाऱ्या अकादमीत दाखल झाला.

विसाव्या वर्षी शिक्षण संपवून तो घरी परतला, आणि रविवारी रविवारी त्याचा जीव कासावीस व्हायला लागला. कारण होतं गाणं. तेव्हा इंग्रजी मंडळ्यांमध्ये बहुतेक ठिकाणी फक्त दाविदाची स्तोत्रंच छंदात बसवून गायली जात. त्यातला सर्वांत रुळलेला संग्रह १५६२चा, म्हणजे सव्वाशे वर्षांहून जुना. भाषा ओढूनताणून बसवलेली. त्यातून अनेकांकडे पुस्तक नसायचं, अनेकांना वाचता यायचं नाही. म्हणून एक जण पुढे उभा राहून एक ओळ म्हणायचा, मग सगळे ती ओळ गायचे, मग पुढची ओळ. वाक्य अर्ध्यावर तुटायचं आणि गाणाऱ्यांना आपण काय गातोय हेच कळायचं नाही. चेहऱ्यावर आनंद दिसणार कुठून?

आयझॅकने घरी तक्रार केली. वडिलांनी त्याला गप्प बसवलं नाही. तुला आवडत नाही ना, मग याहून चांगलं लिहून दाखव, अशा अर्थाचं काहीतरी ते म्हणाले, अशी आठवण सांगितली जाते. मुलाने मनावर घेतलं. पुढची दोन वर्षं तो घरी राहिला आणि मंडळीसाठी एकामागून एक गीतं लिहीत गेला.

मला वाटायचं, सोपं लिहिणाऱ्यांना कठीण जमत नसावं. वॉट्स यांच्याबाबतीत ते अजिबात खरं नाही. १७०६ साली निघालेल्या त्यांच्या ‘होरे लिरिके’ या कवितासंग्रहात निर्यमक कविता आहेत, जुन्या ग्रीक-लॅटिन वृत्तांचे प्रयोग आहेत, कल्पनेच्या मोठमोठ्या झेपा आहेत. आणि लगेच पुढच्या वर्षी, १७०७ला, त्यांचा गीतसंग्रह आला. कवी तोच, पण इथे त्याचा हात पूर्ण वेगळा आहे. प्रस्तावनेत त्यांनी स्वतःच मान्य केलंय, की साध्या माणसाला समजावं म्हणून आपण भाषा मुद्दाम खाली आणली, उपमा कमी केल्या, आणि काही ओळी जास्त काव्यमय होत होत्या म्हणून खोडल्या. हे वाचून मी मोबाइल बाजूला ठेवला. चांगली जमलेली ओळ आपल्याच हाताने खोडायची? मी माझ्या गीतात असं एकदाही केलं नव्हतं.

त्यांनी नेमकं काय केलं ते बघा. पहिली गोष्ट, अर्थ शक्यतो ओळीबरोबर संपवला. पुढच्या माणसाने एकच ओळ म्हणून दाखवली तरी ती हातात धरता यावी. दुसरी गोष्ट, मोजकी वृत्तं निवडली. त्यातलं एक म्हणजे आठ अक्षरं, सहा अक्षरं, पुन्हा आठ, पुन्हा सहा. इंग्रजीत याला कॉमन मीटर म्हणतात. आपल्या अभंगासारखंच समजा. सहा-सहा-सहा-चारचा साचा एकदा कानात बसला, की नवा अभंगही त्याच चालीत म्हणता येतो. तसंच तिकडे, मंडळीला चार-पाच चाली येत असल्या की शंभर नवी गीतं गाता यायची. वॉट्स यांनी चाली रचल्या नाहीत. लोकांच्या तोंडात आधीच असलेल्या चालींना मापून त्यांनी शब्द शिवले. स्तोत्र ९० वरचं त्यांचं गीत आज ब्रिटनमध्ये युद्धात गेलेल्यांच्या स्मरणदिनी गातात. त्याची चाल विल्यम क्रॉफ्ट यांची मानली जाते आणि ती १७०८ला दुसऱ्याच एका स्तोत्रासाठी छापली गेली होती. माप जुळलं, म्हणून दोघांची भेट झाली.

हे सगळं आरामात बसून केलेलं नाही. १७०२ साली ते लंडनच्या मार्क लेन मंडळीचे पाळक झाले. उंची जेमतेम पाच फूट, तब्येत कायम नाजूक. १७१२ला असा ताप आला की शरीर आणि मन दोन्ही खचलं, आणि ते पुन्हा कधी पूर्ण बरे झाले नाहीत. लंडनचे माजी लॉर्ड मेयर सर थॉमस ॲबनी यांनी त्यांना आठवडाभर विश्रांतीसाठी घरी बोलावलं. तो आठवडा ३६ वर्षांचा झाला! यजमान वारले तरी त्यांच्या पत्नीने वॉट्स यांना जाऊ दिलं नाही. लग्न झालं नाही. कवयित्री एलिझाबेथ सिंगर यांनी नकार दिला होता, असं चरित्रकार सांगतात. पण मैत्री टिकली, आणि त्यांच्या निधनानंतर १७३७ साली त्यांचं प्रार्थनांचं पुस्तक वॉट्स यांनीच संपादित करून छापलं. मिळकत तुटपुंजी, तरी तिचा तिसरा हिस्सा ते गरिबांना देत. अशा आजारी दिवसांत त्यांनी १७१५ला मुलांसाठी गीतं लिहिली, १७१९ला स्तोत्रसंहितेवरची गीतं छापली, तर्कशास्त्रावर लिहिलेलं पुस्तक पुढे ऑक्सफर्डमध्येही वाचलं गेलं. ज्या दारातून ते आत गेले नाहीत, त्याच दारातून त्यांचं पुस्तक आत गेलं.

त्यांची एक चूकही सांगायला हवी, नाहीतर हे नुसतं कौतुक होईल. स्तोत्रं आजच्या माणसाची व्हावीत, या ओढीत त्यांनी काही ठिकाणी इस्राएलच्या जागी थेट ब्रिटनचं नाव घातलं. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर तिथल्या मंडळ्यांना हे गाणं जड गेलं, आणि १७८५ला जोएल बार्लो यांनी त्या ओळी बदलून नवी आवृत्ती काढली. सर्वांसाठी लिहायला बसलेल्या माणसालाही आपल्या कुंपणापलीकडचे लोक दिसले नाहीत. मला तर माझ्या दुसऱ्या रांगेतली आजीच दिसली नव्हती.

२५ नोव्हेंबर १७४८ला ते प्रभूकडे गेले. कित्येक मंडळ्यांनी त्यांची गीतं बरीच वर्षं नाकारली, माणसाने रचलेले शब्द उपासनेत नकोत म्हणून. पण जॉन वेस्ली यांच्या १७३७च्या पहिल्या गीतसंग्रहात जवळजवळ निम्मी गीतं वॉट्स यांची आहेत, आणि १७९१ला मृत्युशय्येवर वेस्लींच्या ओठांवर वॉट्स यांचंच गीत होतं.

आपल्याकडेही हे घडलंय. वॉट्स ज्या स्वतंत्र मंडळ्यांचे, त्याच परंपरेतून पुढे अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं. त्या मिशनमध्ये अहमदनगरला काम करणाऱ्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ओवी आणि अभंग ख्रिस्ताच्या पायाशी आणले. इथल्या माणसाच्या कानात आधीपासून असलेलं माप घेऊन त्यांनी नवं गीत शिवलं. माझी आजी चष्म्याशिवाय गाते ती टिळकांचीच गीतं. हे माझ्या लक्षात यायला इंग्लंडला जाऊन यावं लागलं, बघा!

काल मी माझं गीत पुन्हा उघडलं. दोन कडवी काढली. एक प्रतिमा मला फार आवडायची. तिच्यावर रेघ मारताना हात थांबला, पण मारली. चाल अजून सापडलेली नाही. या वेळी प्रॅक्टिसच्या आधी आजीजवळ बसणार आहे. ती जिथे अडखळेल, तिथे माझी ओळ चुकली असं धरणार आहे.

तुम्ही कदाचित गीतं लिहीत नसाल. पण बायबल स्टडी घेता, संडेस्कूलला शिकवता, व्हॉट्सॲपवर वचन पाठवता. तिथे आपल्या शब्दांत दुसऱ्याला शिरायला जागा आहे का, एवढं आज एकदा तपासून बघू या.

प्रार्थना : हे प्रभू, तू दिलेलं कौशल्य मी माझ्याच शोभेसाठी वापरलं, त्याची क्षमा कर. आवडती ओळ खोडायचं धैर्य मला दे. जे माझ्या मागे गप्प उभे आहेत त्यांच्याकडे वळून बघायला शिकव, म्हणजे तुझं नवं गीत आम्ही सगळे मिळून गाऊ. येशूच्या नावाने मागते, आमेन.