कवितेची शाळा : लक्ष्मीबाई टिळक

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्या, असे आपल्या चालक भगिनींनी सांगितले. मी पडले शाळेतली बाई. वर्षानुवर्षे मुलांना कविता शिकवली. म्हणून लक्ष्मीबाई टिळकांवर लिहिते, आणि ओघाने माझ्या चुकीवरही.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरचा. वडील सोवळ्याचे अतोनात कडक. अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी लग्न झाले. टिळक कवी, विद्वान आणि तितकेच लहरी. बायकोला शिकवायला बसत, रागावत, धडा बंद पडे. पुन्हा केव्हातरी सुरू होई. अशी तुटक-तुटक बाईंची अक्षरओळख झाली.

नागपूरहून राजनांदगावला जाताना टिळकांना आगगाडीत एक मिशनरी भेटले. ती वाट आपल्या तिरोडा-गोंदियावरूनच जाते बरे! १८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि नवराबायकोची काही वर्षे ताटातूट झाली. त्या दुःखात बाई स्वतः पद्ये जुळवू लागल्या. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. अहमदनगरला बालकवी ठोंबरे त्यांच्या घरी मुलासारखे राहिले. मला वाटते, बाईंची कवितेची खरी शाळा ही. चुलीपाशी बसून कानांनी शिकलेली.

आता माझे सांगते. टिळकांची ‘केवढे हे क्रौर्य!’ मी दरसाल शिकवी. कठीण शब्द फळ्यावर, मग वृत्त, अलंकार, सारांश. मुले गुण मिळवीत आणि सुट्टी होताच गलोली घेऊन बोदलकसा तलावाच्या काठी पाखरे टिपायला पळत. त्यात मला कधी काही वावगे दिसले नाही!

एका दुपारी मंडळात तीच कविता वाचली. अक्षर न येणाऱ्या एका आजींनी मधेच थांबवून विचारले, एवढी घायाळ झालेली पक्षीण रानात कुठे आडोशाला न लपता पडत-उठत पिलांकडेच का आली? आणि ती पिलांशी बोलते ते पुन्हा वाच म्हणाल्या. बोलते कोण, कोणाशी, कोणत्या घटकेला, हे मी वर्गात कधीच विचारले नव्हते. दुसऱ्या दिवशी फळा कोराच ठेवला आणि एवढेच विचारले. वर्ग बराच वेळ गप्प होता. मग मागच्या बाकावरच्या एका मुलाने खिशातली गलोल काढून माझ्या टेबलावर ठेवली.

१९१९ साली टिळक गेले, तेव्हा त्यांच्या ‘ख्रिस्तायना’चे सुमारे ११ अध्याय झाले होते. पुढचे ६४ बाईंनी रचले! ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने निघाली. १९३६ साली बाई वारल्या.

सध्या मंडळात दर शनिवारी ‘स्मृतिचित्रे’ वाचतो. आजी पुढेच बसतात. आम्ही राजनांदगावपर्यंत आलो आहोत.