मॅथ्यू फ्लिंडर्स

मॅथ्यू फ्लिंडर्स (जन्म: १६ मार्च १७७४, मृत्यू: १९ जुलै १८१४) हे ब्रिटिश आरमारातील अधिकारी, दर्यावर्दी व नकाशाकार होते. ऑस्ट्रेलियाला समुद्रमार्गे प्रदक्षिणा घालून त्यांनी त्या खंडाच्या किनाऱ्याचा नकाशा सिद्ध केला. ऑस्ट्रेलिया हे नाव रूढ होण्यास त्यांच्या ग्रंथाचा व नकाशांचा मोठा हातभार लागला. या प्रवासांत त्यांच्यासोबत असलेला ट्रिम हा बोका आणि त्याच्या स्मरणार्थ त्यांनी लिहिलेले चरित्र यांमुळेही ते ओळखले जातात.

पूर्वायुष्य

फ्लिंडर्स यांचा जन्म इंग्लंडमधील लिंकनशायर परगण्यातील डॉनिंग्टन या गावी एका शल्यवैद्याच्या घरी झाला. १७८९ मध्ये ते आरमारात दाखल झाले. १७९५ मध्ये रिलायन्स या जहाजातून ते सिडनीला गेले. पुढे जॉर्ज बास यांच्यासह टास्मानियाला वळसा घालून, तो प्रदेश मुख्य भूमीपासून वेगळे बेट असल्याचे त्यांनी दाखवून दिले.

ट्रिम

शिडाच्या जहाजांवर मांजर पाळण्याची चाल जुनी होती. शेतकऱ्याच्या घरी कणगीतले धान्य राखायला मांजर असते, तसेच जहाजावरही ते उपयोगी पडे. महिनोन् महिने पुरवायची शिधासामग्री, शिडांचे कापड आणि दोरखंड यांची उंदीर नासाडी करीत.

फ्लिंडर्स यांच्या लेखनानुसार, ट्रिमचा जन्म १७९९ मध्ये हिंदी महासागरात जहाजावरच झाला. तो रंगाने काळा असून त्याचे पंजे पांढरे होते आणि छातीवर पांढरा ठिपका होता. पिल्लू असताना तो समुद्रात पडला. परंतु पोहत जहाजाजवळ आला आणि दोर धरून वर चढला. त्याचे नाव लॉरेन्स स्टर्न यांच्या ट्रिस्ट्रम शँडी या कादंबरीतील एका स्वामिनिष्ठ सेवकावरून ठेवले होते.

ऑस्ट्रेलियाची प्रदक्षिणा

एप्रिल १८०१ मध्ये फ्लिंडर्स यांचा विवाह ॲन चॅपेल यांच्याशी झाला. पत्नीला सोबत नेण्याची त्यांची इच्छा होती. मात्र आरमाराच्या वरिष्ठांनी ती मान्य केली नाही. जुलै १८०१ मध्ये इन्व्हेस्टिगेटर जहाज निघाले, तेव्हा नववधू इंग्लंडमध्ये राहिली आणि ट्रिम मात्र जहाजावर होता. १८०२–०३ मध्ये खंडाची प्रदक्षिणा पूर्ण झाली. या सफरीत बंगरी हे ऑस्ट्रेलियाचे मूळ रहिवासी दुभाषी व मध्यस्थ म्हणून सहभागी होते. ट्रिमचा त्यांच्यावर विशेष लोभ होता. तहान लागली की तो त्यांच्याकडे जाऊन पाणी मागे.

जहाजफुटी व कैद

इन्व्हेस्टिगेटर जीर्ण झाल्यामुळे फ्लिंडर्स पॉरपॉइज या जहाजातून स्वदेशी निघाले. १७ ऑगस्ट १८०३ रोजी पॉरपॉइज आणि सोबतचे केटो ही दोन्ही जहाजे प्रवाळखडकांवर फुटली. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीतील ब्रिजवॉटर हे तिसरे जहाज मदत न करता हिंदुस्थानकडे निघून गेले. पुढे मुंबईहून इंग्लंडला जाताना तेही बेपत्ता झाले. वाचलेल्या लोकांनी वाळूच्या एका उंचवट्यावर आश्रय घेतला. ट्रिमही वाचला होता. फ्लिंडर्स यांनी लहान होडीतून सिडनी गाठून सुमारे सहा आठवड्यांत मदत आणली.

त्यानंतर कंबरलँड या लहानशा गळक्या गलबतातून इंग्लंडकडे जाताना डिसेंबर १८०३ मध्ये त्यांना मॉरिशसला थांबावे लागले. हे बेट तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात होते आणि ब्रिटन व फ्रान्स यांच्यात युद्ध पेटले होते. त्यांचे परवानापत्र इन्व्हेस्टिगेटर जहाजाच्या नावाचे असल्याने गव्हर्नर दकां यांनी हेर असल्याच्या संशयावरून त्यांना अटकेत ठेवले.

प्रारंभी ट्रिमही त्यांच्यासोबत होता. पुढे एका फ्रेंच महिलेच्या लहान मुलीला सोबत म्हणून त्याला तिच्या घरी पाठवण्यात आले आणि तेथून तो थोड्याच दिवसांत नाहीसा झाला. शोधून देणाऱ्यास बक्षीस जाहीर करूनही तो सापडला नाही. भुकेल्या गुलामांनी त्याला मारून खाल्ले असावे, असा फ्लिंडर्स यांचा तर्क होता. १८०९ मध्ये कैदेत असतानाच त्यांनी ट्रिमचे छोटेखानी चरित्र लिहिले. त्यात विनोद भरपूर आहे. ट्रिमचे वर्णन एखाद्या कर्तबगार खलाशासारखे केले आहे. मात्र शेवटी सोबती गमावल्याचे दुःख लपत नाही.

अखेरची वर्षे व स्मारके

जून १८१० मध्ये त्यांची सुटका झाली. नऊ वर्षांच्या विरहानंतर पती-पत्नींची भेट झाली. १८१२ मध्ये त्यांना कन्या झाली. प्रख्यात पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री हे या कन्येचे पुत्र होत. प्रवासवृत्तांत प्रसिद्ध झाला तेव्हा फ्लिंडर्स मरणासन्न होते. दुसऱ्याच दिवशी वयाच्या चाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

ट्रिमचे चरित्र त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रकाशित झाले. १९९६ मध्ये सिडनीच्या मिचेल ग्रंथालयाच्या खिडकीच्या कठड्यावर, फ्लिंडर्स यांच्या पुतळ्यामागे, ट्रिमचा कांस्य पुतळा बसवण्यात आला. लंडनमधील फ्लिंडर्स यांची हरवलेली कबर २०१९ मध्ये रेल्वेच्या बांधकामापूर्वीच्या उत्खननात सापडली. जुलै २०२४ मध्ये त्यांचे अवशेष डॉनिंग्टन येथे पुन्हा दफन करण्यात आले.