प्रकाशाचा कारागीर : बाबूराव पेंटर

फोटो काढण्यासाठी सर्वांत आधी काय लागते? तुम्ही म्हणाल, कॅमेरा. पण कॅमेऱ्याच्याही आधी लागतो प्रकाश. ही गोष्ट ओळखून प्रकाशालाच आपल्या हाताशी धरणारा एक कारागीर कोल्हापुरात होऊन गेला. त्याचे नाव बाबूराव पेंटर.

बाबूरावांचे मूळ नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. त्यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापूर येथे झाला. वडील कुशल कारागीर होते. चित्रकला व मूर्तिकला बाबूराव घरीच, पाहून पाहून शिकले. मोठे झाल्यावर ते आणि त्यांचे आतेभाऊ आनंदराव नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवू लागले. पडद्यावरचे राजवाडे व अरण्ये लोकांना खरी वाटत. लोक दोघांनाही पेंटर म्हणू लागले आणि तेच त्यांचे आडनाव झाले.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट आला. तो पाहून या दोघा भावांनाही चित्रपट काढण्याचा ध्यास लागला. परदेशी कॅमेरा विकत घेण्याइतका पैसा जवळ नव्हता. मग त्यांनी ठरवले, कॅमेरा आपणच बनवायचा! काम सुरू झाले. पण १९१६ साली आनंदरावांचे निधन झाले. बाबूरावांचा उजवा हातच गेला. दुसरा कोणी असता, तर त्याने नाद सोडला असता. बाबूरावांनी सोडला नाही. विष्णुपंत दामले यांच्या मदतीने १९१८ साली त्यांनी कॅमेरा पुरा केला. 'महाराष्ट्र फिल्म कंपनी' उभी राहिली. गायिका तानीबाई कागलकर यांनी भांडवल दिले, तर छत्रपती शाहू महाराजांचाही आधार मिळाला. १९२० साली कंपनीचा 'सैरंध्री' हा चित्रपट लोकांपुढे आला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली.

आता प्रकाशाकडे वळू. त्या काळी चित्रीकरण सूर्याच्या उजेडात होई. ढग आले की काम थांबे. शिवाय त्या वेळच्या फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. लाल कापड पडद्यावर काळे दिसे. दिव्याचा तांबूस उजेड तिला अपुरा पडे. १९२३ साली बाबूरावांनी 'सिंहगड' काढायला घेतला. तानाजी मालुसरे यांची ती लढाई रात्रीची. भर दुपारच्या उन्हात रात्र कशी दाखवायची? बाबूरावांनी विजेच्या प्रखर दिव्यांचा उपयोग केला. भारतीय चित्रपटात कृत्रिम प्रकाशाचा हा पहिला वापर मानला जातो.

दिवा लावणे सोपे, तो योग्य जागी लावणे अवघड. तुम्ही स्वतः करून पाहा. अंधाऱ्या खोलीत एका पेल्यावर समोरून टॉर्च मारा. पेला सपाट वाटेल. आता टॉर्च बाजूला न्या. एका अंगाला सावली पडेल आणि पेल्याची गोलाई दिसेल. टॉर्च दुप्पट लांब न्याल, तर पेल्यावरचा उजेड निम्मा नव्हे, एक चतुर्थांशच उरेल. चित्रकाराला सावलीची किंमत ठाऊक असते. म्हणूनच एक पेंटर दिव्यांचाही जाणकार झाला.

हीच अडचण समुद्राच्या तळाशीही येते. १८९३ साली लुई बुताँ नावाचे फ्रेंच शास्त्रज्ञ पाण्याखाली फोटो काढू लागले. उजेडासाठी त्यांनी बंद काचपात्रात मॅग्नेशियम जाळून पाहिले. पाणी लाल रंग आधी शोषून घेते, त्यामुळे खोलवर सारे निळसर दिसते. म्हणून पाण्याखाली फोटो काढणारे आजही फ्लॅशचा दिवा नेतात आणि माशाच्या शक्य तितके जवळ जातात. दिवा मात्र कॅमेऱ्याला चिकटून ठेवत नाहीत, थोडा बाजूला धरतात; नाहीतर पाण्यातले कणच चमकू लागतात. जमीन असो वा समुद्र, उजेड कोठून येतो हेच महत्त्वाचे!

बाबूरावांनी केवळ पुराणकथाच दाखवल्या नाहीत. १९२५ सालच्या 'सावकारी पाश' मध्ये त्यांनी कर्जापायी जमीन गमावणाऱ्या गरीब शेतकऱ्याचे दुःख मांडले. त्यांच्या हाताखाली अनेक शागीर्द तयार झाले. व्ही. शांताराम, दामले आणि कागलचे शेख फत्तेलाल हे त्यांपैकीच. १९२९ साली या मंडळींनी वेगळे होऊन 'प्रभात फिल्म कंपनी' काढली. आपली माणसे गेल्यावर बाबूरावांची कंपनी फार काळ टिकली नाही. पण त्यांची विद्या टिकली. दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेल्या 'संत तुकाराम' या चित्रपटाचा १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला.

१६ जानेवारी १९५४ रोजी बाबूरावांचे निधन झाले. त्यांचे बहुतेक मूकपट आज पाहायला मिळत नाहीत. कोल्हापुरात खरी कॉर्नरजवळचा कॅमेरा स्तंभ मात्र त्या दिवसांची आठवण करून देतो.

मुलांनो, मराठीतला 'हुन्नर' हा शब्द तुमच्या ओळखीच्या 'हुनर'चाच भाऊ आहे. बाबूरावांकडे पैसा नव्हता, मोठी पदवी नव्हती; हुन्नर होता. फिल्म जळते, कंपनी बंद पडते. पण शागीर्दाच्या हाती दिलेला हुन्नर पुढच्या पिढीपर्यंत पोचतो. तुम्हीही एखादा हुन्नर मनापासून शिका आणि तो दुसऱ्याला शिकवा.