झाशीतील लुटीचा हिशेब

अठराशे सत्तावनच्या युद्धाचा इतिहास आपल्याकडे तलवारीच्या बाजूने पुष्कळ लिहिला गेला. दार लावून आत दडलेल्यांच्या बाजूने बोलणारा मराठी साक्षीदार म्हणजे वरसईचे विष्णुभट गोडसे. पेणजवळच्या या भिक्षुकाला ना राज्य मिळवायचे होते, ना राखायचे. घरावर कर्ज होते. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार, तेथे दक्षिणा मिळेल, या आशेने ते १८५७ साली काका रामभटांसह उत्तरेस निघाले, आणि महूच्या सुमारास बंडाची वार्ता कानी आली.

मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोजने झाशीला वेढा घातला, तेव्हा दोघेही शहरात होते. ३ एप्रिलला इंग्रजी फौज आत शिरली. राणी लक्ष्मीबाई रात्री किल्ल्यातून निसटल्या. रयतेला तशी वाट नव्हती. गल्लीत पुरुष दिसला की मारला जाई. गोडसे दडून वाचले, आणि दडल्या जागी त्यांनी जे टिपले ते सेनापतींच्या खलित्यांत सापडत नाही. लुटीला शिस्त होती. आधी सोनेनाणे, मग तांब्यापितळेची भांडी, कापडचोपड, आणि धान्यही. लुटणाऱ्याच्या लेखी धान्य सर्वांत हलके; दडून बसलेल्याच्या लेखी त्याहून मोलाचे काही नाही. तलवारीतून सुटलेल्या माणसाला रिकामी कणगीही मारू शकते.

पुढे काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी तहानलेल्या राणीची भेट झाली. हा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. लुटीचा हिशेब मात्र फारसा कोणी आठवत नाही.

त्याच वर्षाअखेर तात्या टोपे नर्मदा ओलांडून मेळघाटच्या डोंगरांकडे वळले. गाविलगड त्यांच्या हाती पडू नये म्हणून इंग्रजांनी त्याची तटबंदी मोडली. धारणीकडच्या कोरकूंची भाषा मात्र बोलीतच राहिली, तिला स्वतःची लिपी नव्हती. दडलेल्यांचा इतिहास उरतो तो त्यांच्यात कोणी लिहिणारा असला तरच, आणि आपल्याकडे लेखणी फार थोड्या घरांत होती.

वाटेत पुन्हा लुबाडले गेलेले गोडसे गंगेची कावड घेऊन घरी परतले. चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहाने त्यांनी आठवणी लिहिल्या. वैद्यांनी १९०७ मध्ये त्या फेरफार करून छापल्या; मूळ हस्तलिखित दत्तो वामन पोतदारांनी प्रसिद्ध केले ते १९६६ मध्ये.