विश्लेषण : ब्रिटनची सर्वांत जुनी तरंगती युद्धनौका बांधणारे मुंबईचे जमशेटजी वाडिया कोण होते?

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील हार्टलपूल या जुन्या बंदरात नौदल संग्रहालय आहे. तेथील मुख्य आकर्षण म्हणजे ‘एचएमएस त्रिंकोमाली’. ब्रिटनची आजही पाण्यावर तरंगणारी ही सर्वांत जुनी युद्धनौका १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीत बांधली गेली. बांधणारे होते जमशेटजी बमनजी वाडिया. मुंबईत त्यांच्या घराण्याचे नाव सर्वांना माहीत आहे, जमशेटजींचे मात्र फार थोड्यांना.

गोदीत कसे आले?

जमशेटजींचा जन्म १७५४ चा. त्यांचे आजोबा लवजी नुसरवानजी हे सुरतेचे जहाजबांधणी करणारे सुतार. ईस्ट इंडिया कंपनीने १७३६ मध्ये त्यांना मुंबईत आणले आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या गोदीचे काम वाडियांकडेच राहिले. १७९२ मध्ये जमशेटजी आणि त्यांचे चुलतभाऊ फ्रामजी माणेकजी मुख्य बांधणीकार झाले.

ब्रिटिश नौदल मुंबईकडे का वळले?

नेपोलियनशी चाललेल्या युद्धात इंग्लंडला ओकचे लाकूड अपुरे पडू लागले. मुंबईत मलबारचे सागवान मिळत होते. ओकमधील आम्ल लोखंडी खिळे खाते, सागवानातील तेल ते टिकवते. तरीही एतद्देशीय कारागिराच्या हाती मोठी युद्धनौका सोपवणे नौदलाला सोपे नव्हते. ती शंका १८१० मध्ये ७४ तोफांच्या ‘मिंडेन’ने दूर केली. १८१३ च्या ‘कॉर्नवॉलिस’वर पुढे, १८४२ मध्ये, चीनशी नानकिंगचा तह झाला. १८१५ ची ‘वेलस्ली’ तर थेट १९४० मध्ये, जर्मन विमानांच्या हल्ल्यानंतर, टेम्स नदीत बुडाली. सव्वाशे वर्षे टिकलेले सागवान!

‘त्रिंकोमाली’ला उशीर का झाला?

आराखडे घेऊन निघालेली ‘जावा’ ही नौका १८१२ च्या अखेरीस ब्राझीलजवळ अमेरिकी नौकेने जिंकली आणि नष्ट केली. नवे आराखडे मागवावे लागले. त्यामुळे कणा बसायला १८१६ उजाडले. जलावतरण झाले १२ ऑक्टोबर १८१७ रोजी, तेव्हा नेपोलियन सेंट हेलेनावर कैदेत होता. ज्या युद्धासाठी ती मागवली, ते संपलेले होते.

जमशेटजी १८२१ मध्ये वारले. इंग्लंड त्यांनी कधी पाहिले नाही. त्यांचे तैलचित्र मात्र ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात आहे : अंगावर पारशी पोशाख, हातात ‘मिंडेन’चा आराखडा.