चित्रकार-ग्रंथकार बाळासाहेब पंतप्रतिनिधी

औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांच्या वाङ्मयीन कार्याचा विचार त्यांच्या कुंचल्यापासून वेगळा करता येत नाही. बी. ए. झालेल्या या कीर्तनप्रेमी संस्थानिकाने रामकथेचे प्रसंग स्वतः रंगविले व १९१६ मध्ये ‘चित्र रामायण’ ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. अक्षरओळख नसलेल्या बालकालाही कथा उमगावी, हे सामर्थ्य कीर्तनाप्रमाणेच चित्रातही असते.

पुढे त्यांना सचित्र महाभारताचा ध्यास लागला. १९१८ मध्ये त्यांनी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरास त्यासाठी एक लक्ष रुपये देऊ केले आणि त्यातूनच चिकित्सक आवृत्तीचा उपक्रम उभा राहिला. डॉ. विष्णु सीताराम सुकथनकरांच्या आदिपर्वाच्या मुखपृष्ठावर प्राचीन नमुन्यांवरून चित्रे काढणारे म्हणून बाळासाहेबांचेही नाव आहे. पाठचिकित्सेच्या चर्चेत मात्र चित्रकाराचा हा वाटा सहसा दुर्लक्षिला जातो.

१९३५ मध्ये त्यांनी इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. १९३८ मध्ये औंधला संग्रहालय उभारले. १९३९ मध्ये राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपविला. राजवाड्यातील कला, विद्या व सत्ता सर्वांसाठी खुली करणे, हेच त्यांच्या जीवनाचे सूत्र होय.