शुश्रूषेला विद्येचा मान देणाऱ्या रमाबाई रानडे



रविवारी मिस्सानंतर चर्चच्या आवारात आपण थोडा वेळ थांबतो, तेव्हा हल्ली एक प्रश्न वारंवार कानांवर येतो. वडिलांना नागपूरच्या इस्पितळातून घरी आणले आहे, नाकातल्या नळीतून अन्न द्यायचे आहे, पाठीला जखम झाली आहे, तर घरी येणारी एखादी चांगली सिस्टर कोणाला माहीत आहे का? गोंदिया शहरात निदान चार ठिकाणी विचारता येते. देवरीकडच्या किंवा सालेकशाकडच्या कुटुंबाने काय करावे? या प्रश्नावर बोलत असताना आम्हांला रमाबाई रानडे आठवल्या. आज त्यांच्याविषयी लिहावे असे वाटले.

पंडिता रमाबाई आपल्या सर्वांना ठाऊक आहेत. या दुसऱ्या रमाबाई, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी. दोघींच्या नावांची गल्लत पुष्कळदा होते. तशी त्यांची ओळखही होती. 1882 साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, तेव्हा त्यांची व्याख्याने ऐकायला जाणाऱ्या स्त्रियांत या रमाबाई होत्या, आणि त्यापायी घरातल्या बायकांचे टोमणे त्यांनी पुष्कळ सोसले.

त्यांचा जन्म 1862 सालचा, आताच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकर घराण्यातला. 1873 साली अकराव्या वर्षी लग्न झाले. नवरा तिशी ओलांडलेला, पहिली पत्नी वारलेली. मुलीला अक्षरओळख नव्हती. रानड्यांनी तिला शिकवायला घेतले, पुढे इंग्रजीही शिकवले. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना हे मुळीच पसंत नव्हते, पण रमाबाई उलट उत्तर न देता शिकत राहिल्या.

रानड्यांची दृष्टी अधू होती. त्यामुळे त्यांना वाचून दाखवण्याचे काम रमाबाईंकडे आले. शिवाय रात्री त्यांच्या तळपायांना तूप चोळणे, जेवणखाण सांभाळणे, हे सारे होतेच. एका अर्थाने घरच्या माणसाची शुश्रूषा हाच त्यांच्या दिवसाचा मोठा भाग होता. 1893 साली रानडे मुंबईच्या हायकोर्टात न्यायमूर्ती झाले व कुटुंब मुंबईला गेले. तिथे रमाबाईंनी स्त्रियांसाठी भाषा, शिवण व हस्तकामाचे वर्ग चालवले. पुढे रानड्यांना हृदयाचा विकार जडला. कामावरून रजा घ्यावी लागली आणि 16 जानेवारी 1901 रोजी त्यांचे निधन झाले. त्या शेवटच्या आजारपणाविषयी रमाबाईंनी 1910 साली प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकात लिहिले आहे.

आपल्यापैकी ज्यांनी घरच्या आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढली आहे, त्यांना ते दिवस समजावून सांगायला नकोत. मायेची कमतरता कधीच नसते. श्वास लागला तर माणसाला कसे बसवावे, कोणते लक्षण दिसले की डॉक्टरांना उठवावे, हे मात्र कोणी शिकवलेले नसते. न्यायमूर्तींचे घर असो की विडी वळणाऱ्याचे, रात्री दोन वाजता माणूस सारखाच घाबरतो.

पतीच्या मृत्यूनंतर रमाबाई पुण्यात परतल्या व वर्षभर घराबाहेर पडल्या नाहीत. त्यानंतर त्या येरवड्याच्या तुरुंगातील स्त्रियांना नेमाने भेटू लागल्या. इस्पितळातील रुग्णांकडे फळे, फुले व पुस्तके घेऊन जाऊ लागल्या. 1908 साली बेहरामजी मलबारी व दयाराम गिडुमल यांनी हिंदी स्त्रियांना परिचारिका म्हणून तयार करण्याची कल्पना त्यांच्यापुढे मांडली आणि मुंबईत सेवासदन उभे राहिले. पुढच्याच वर्षी, 1909 साली, गोपाळ कृष्ण देवधरांच्या साहाय्याने पुण्यातही सेवासदन सुरू झाले. तेथील मुलींना ससून इस्पितळात परिचारिकेचे शिक्षण मिळू लागले.

हे पाऊल किती धाडसाचे होते हे आज लक्षात येत नाही. त्या काळी आपल्या देशातील बहुतेक परिचारिका ख्रिस्ती किंवा अँग्लो-इंडियन असत. परक्या माणसाचे अंग पुसायचे, कोणत्याही जातीच्या रुग्णाची घाण काढायची, रात्रपाळी करायची, हे वरच्या जातीच्या घरांना विटाळाचे व बेअब्रूचे वाटे. रमाबाईंनी या कामासाठी तरुण विधवांना पुढे आणले, म्हणजे समाजाने ज्यांना आधीच कोपऱ्यात बसवले होते त्यांनाच.

इथे थोडे विषयांतर करतो. शिकलेली परिचारिका आणि सोबतीला ठेवलेली बाई यांत फरक आहे, आणि घरी माणूस ठेवताना तो फरक विचारून घ्यायला संकोच करू नये. जीएनएमचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, एएनएमचा दोन वर्षांचा, आणि दोघींची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेत असते. इंजेक्शन, लघवीची नळी, नाकातली नळी, खोल जखमेचे ड्रेसिंग ही त्यांची कामे. आंघोळ घालणे, भरवणे, कूस बदलणे ही कामे सोबतीची बाई किंवा आपण स्वतः करू शकतो, पण एकदा कोणाकडून तरी नीट शिकून. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलली तर पाठीच्या कितीतरी जखमा होतच नाहीत. डॉक्टरांच्या सूचना कागदावर लिहून घ्याव्यात आणि ताप, रक्तदाब, दिलेले औषध एका वहीत टिपून ठेवावे. खेड्यात हे जमायचे नाही असे कोणी म्हणू नये. आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना शिकवून 39 गावांत नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेतली. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी घटल्याचे दिसले. आज बाळंतिणीच्या घरी आशाताई ठरलेल्या दिवशी येते, त्यामागे हे काम आहे.

आता पुन्हा पुण्याकडे वळू. सेवासदनाच्या एका वार्षिक समारंभात परिचारिकेचे शिक्षण घेणारी एक विधवा बक्षीस घ्यायला व्यासपीठावर आली. साधे लुगडे, केशवपन केलेल्या डोक्यावर पदर. तिला पाहताच जमलेल्या विद्यार्थ्यांनी हुल्लड सुरू केली, पाय आपटले, टिंगल केली. समारंभाच्या शेवटी रमाबाई बोलायला उठल्या. एरवी शांत असणाऱ्या या बाई त्या दिवशी संतापल्या होत्या. कॉलेजात शिकूनही तुम्हांला सुशिक्षित कसे म्हणावे, असा सवाल त्यांनी त्या मुलांना केला. तुमच्याच बहिणीसारख्या असलेल्या, आधीच दुःख भोगलेल्या स्त्रीची तुम्ही थट्टा केलीत, हे त्यांनी सर्वांसमक्ष ऐकवले. सभागृहात शांतता पसरली.

हा प्रसंग वाचून आम्ही थोडे ओशाळलो. आपल्या घरी येणाऱ्या सिस्टरला आपण कुठल्या कपातून चहा देतो?

पुढे 1915 साली पुण्याच्या सेवासदनाची रीतसर नोंदणी झाली. वसतिगृहे निघाली, त्यांतले एक परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी होते. 1924 साली रमाबाई वारल्या. त्यांच्या जन्मशताब्दीला, 15 ऑगस्ट 1962 रोजी, भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

आपल्या पॅरिशमध्ये नर्सिंगचे काम केलेल्या, निवृत्त झालेल्या काही भगिनी आहेत. आजाऱ्याची कूस कशी बदलावी, नळी कशी सांभाळावी हे एखाद्या रविवारी इतरांना दाखवायची त्यांची तयारी असेल, तर त्यांनी आपली नावे पॅरिश कार्यालयात द्यावीत. ज्यांच्या घरी सध्या आजारी माणूस आहे त्यांनीही कळवावे, म्हणजे आधी त्यांच्या सोयीचा रविवार ठरवता येईल.